कोरडी खेप

चाचणीच्या नळीतलं हिरवं पाणी पिवळं पडलेलं पाहिलं आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिवळं म्हणजे चाचणीसाठी खेपेत मुद्दाम ठेवलेल्या पट्टीवरचे जिवाणू जिवंत. विषारी वायूत कोंडूनसुद्धा मेले नाहीत, वर ऐटीत वाढले. ऑपरेशनच्या नळ्या ज्या पेटीत निर्जंतुक होतात, ती पेटी तिच्या ताब्यात. आणि या खेपेतली नळी बसायची होती तिच्याच सासूच्या पोटात. म्हातारी कालपासून उपाशी, त्यात आधी दोनदा तारीख हुकलेली.

तिनं पेटी तपासली. वायू पुरेपूर, उष्णता ठीक. मागं वाकून बघते तर वाफेची चावी बंद. हे उद्योग एकाच माणसाचे, धाकट्या दिराचे. दहा जणांच्या विनवण्या करून तिनंच त्याला इथं हॉस्पिटलात मेकॅनिक म्हणून चिकटवलं होतं.

बोलावल्यावर स्वारी हसतच आली. वाफेनं नळ्यांची पुडकी दमट निघतात, नर्सा परत पाठवतात, म्हणून बंद केली म्हणाला. वायू तर भरपूर सोडला होता, मग अडलं कुठं? थोरलीला त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. हे जिवाणू कवच करून बसतात, आणि कोरडे पडले की वायूला दाद देत नाहीत. सुकं कडधान्य भिजवल्याशिवाय शिजतं का? आधी हवेतली ओल त्यांच्यात मुरायला हवी, मग वायूचं काम. पहिल्याच दिवशी तिनं हे घसा फोडून सांगितलं होतं. पण ऐकतो कोण!

तिनं खेप अडवली. ऑपरेशन पुन्हा पुढं गेलं.

झालं, घरभर बोंब. आईवरचा राग तिथं कशाला काढतेस, असं नवऱ्यानं फोनवर विचारलं. सासूसुनेचं पटत नाही हे जगजाहीर, त्यामुळं वॉर्डातल्या नर्सासुद्धा तिच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागल्या. आणि ज्यानं हे करून ठेवलं तो मूग गिळून गप्प.

शेवटी तिनं दिराला सासूच्या खाटेपाशी उभं केलं आणि सगळं सांगून टाकलं. म्हातारीनं ऐकून घेतलं. लेकाचं पडलेलं तोंड बघून तिला काय ते कळलं. मग ती सुनेला म्हणाली, "चूक तुझ्या हातून झाली असं सांग. तुझी नोकरी जुनी, तुला कोण काढतंय? त्याचं आत्ता कुठं बस्तान बसतंय."

जीव वाचवला त्याचं हे बक्षीस. तरी थोरली खाटेजवळ सरकून म्हणाली,

"माझ्यावर घेतलं तर एवढीच खेप वाईट ठरेल, आई. ऑफिस आठवड्याला एकच पट्टी देतं. मधल्या दिवसांत किती नळ्या कोरड्या निघाल्या, कोणाकोणाच्या पोटात गेल्या? चावी कधी बंद झाली ते फक्त भाऊजींना माहीत."

शेजारच्या खाटेवरची बाई कण्हली. परवा तिच्याही पोटात नळी बसवली, तेव्हापासून तिचा ताप हटत नव्हता. म्हातारी तिच्याकडे बघत राहिली.

"कधी बंद केलीस?" तिनं लेकाला विचारलं.

"गेल्या आठवड्यात," तो पुटपुटला. "मागची चाचणीची खेप निघाली, त्यानंतर."

"म्हणजे हिच्या ऑपरेशनच्या आधी."

त्यानं मान हलवली.

"मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन जा त्याला," ती सुनेला म्हणाली. "आणि परत माझ्यासमोर येऊ नका. तो नको, आणि तूही नको."

मी काय केलं, असं थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भांडण नंतरही करता आलं असतं. शेजारच्या बाईचा ताप चढत होता. थोरलीनं दिराचं मनगट धरलं आणि त्याला ओढत बाहेर नेलं.