चार बोटं आखूड

मी एक आखूड गाडी बोलतेय. आखूड हे माझं नाव नव्हे, माझ्यावर बसलेला सरकारी शेरा आहे. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत फीत लावली गेली आणि मी चार बोटं कमी भरले. त्यावरून पुढं बरंच रामायण झालं. पण मी रागानं बोलायला बसलेली नाही. मला भेटलेली माणसं आठवली की राग टिकतच नाही.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका कारखान्यात झाला. सगळं यंत्रांनी जोडलं, पण शेवटी एका कामगार मुलीनं माझ्या काचेवरची धूळ बाहीनं पुसली आणि ती म्हणाली, "जा, नशीब काढ." टोमॅटोसारखा लाल रंग घेऊन मी पीत नदीच्या काठच्या या लांबट शहरात आले. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, मधे नदी, आणि गल्लोगल्ली सकाळी सकाळी गोमांसाच्या रश्श्यातल्या शेवयांचा वास.

मला घेतलं शाओ यूलाननं. ती बसमध्ये कंडक्टर होती. बसच्या दाराशी नाणी टाकायची पेटी बसवली गेली आणि कंडक्टरांना घरी पाठवलं. नवरा दूर पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर, तो फक्त नव्या वर्षाला यायचा. घरात ती आणि सासूबाई.

"बसमध्ये तिकिटं फाडणारी तू," सासूबाई मला पाहून म्हणाल्या, "तू गाडी चालवणार?"

"आई, रोज ड्रायव्हरच्या शेजारीच तर उभी असायचे. बघून बघून माणसाला स्वयंपाकसुद्धा येतो."

"तुला तोही आलेला नाही."

तरी सगळ्यांच्या आधी त्याच माझ्यात चढून बसल्या.

फोनवरून गाडी मिळवून देणाऱ्या शुनलू कंपनीसाठी यूलान मला चालवू लागली. ती कंपनी तेव्हा नवी होती. आधी लोक रस्त्यावर हात हलवत उभे राहायचे आणि टॅक्सीवाले "तिकडं नाही जाणार" म्हणत निघून जायचे. आता फोनवर बोट ठेवलं की गाडी दारात. शुनलूची आणखी एका कंपनीशी जुंपली होती. त्या चढाओढीत दोन्ही कंपन्या प्रवाशांना सूट द्यायच्या आणि ड्रायव्हरला बक्षीस. बसपेक्षा माझ्यातून जाणं स्वस्त पडायचं! कांद्याच्या पातीची जुडी घेऊन म्हाताऱ्या ऐटीत मागं बसायच्या. लग्नाला निघालेली, परीक्षेला निघालेली, भांडून माहेरी निघालेली, सगळी माणसं मी पाहिली.

एकदा यूलानच्या फोनवर तिच्याच फाटकातून बोलावणं आलं. जाऊन बघते तर पिशवी घेऊन सासूबाई उभ्या.

"आई! मी घरातच होते, हाक मारायची!"

"हाक मारली तर फुकट नेशील. असं मागवलं तर कंपनी तुला बक्षीस देते. मला काय अक्कल नाही?"

"ही लबाडी झाली, आई. पकडलं तर काढून टाकतील मला."

सासूबाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. बाजार येईपर्यंत त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. पुन्हा तसं त्यांनी कधी केलं नाही.

मग एके दिवशी त्या भांडणाऱ्या दोन कंपन्यांनी एकमेकींना मिठी मारली. दोघींची एक झाली आणि बक्षिसं आटली. ड्रायव्हर चहाच्या टपरीवर कंपनीच्या नावानं बोटं मोडायचे. यूलान मात्र म्हणायची, "पेटीनं माझी नोकरी घेतली तेव्हा मला कुणी विचारलं होतं? हिनं निदान दार उघडलं." त्या वर्षी घरात थंडीसाठी नवी शेगडी आली होती. सासूबाईंचे गुडघे त्या शेगडीला दुवा द्यायचे.

खरं संकट नंतर आलं. दूरच्या एका शहरात अशाच बोलावलेल्या गाडीत एका मुलीचा घात झाला. सारा देश हळहळला आणि चिडलाही. चिडायलाच हवं होतं. आता गाडीत आवाज टिपला जाऊ लागला, फोनवर पोलिसांना बोलवायचं लाल बटण आलं. बायका फोन घट्ट धरून मागं बसायच्या आणि चालवणाऱ्याच्या मानेकडं टक लावून बघायच्या. यूलान चढणाऱ्याला आधीच सांगायची, "मी शाओ यूलान. इथं सगळं बोलणं टिपलं जातं. तेव्हा सासूबद्दल जपून बोला." मग मागून हसू ऐकू यायचं आणि माझ्यातली हवा हलकी व्हायची.

पाठोपाठ नियम आले. चालवणाऱ्याला परवाना, गाडीला वेगळा परवाना. यूलान स्वयंपाकघरात पुस्तक उघडं ठेवून शिकली आणि परीक्षा पास झाली. माझ्या परीक्षेला आम्ही दोघी गेलो. एका माणसानं वाकून मला फीत लावली, पुन्हा लावली आणि मान हलवली.

"ताई, गाडी आखूड आहे. नाही बसत नियमात."

"कितीनं?"

त्यानं चार बोटं दाखवली.

"साहेब, आजवर एकाही प्रवाशाचे पाय बाहेर राहिलेले नाहीत."

"पटतं मला. पण फीत माझी नाही ना."

आम्ही परत निघालो. मला वाटलं, मी थोडा आणखी श्वास घेतला असता तर लांब भरले असते का?

परवाना नसताना ती मला चालवत राहिली. बरेच जण तसंच करत होते. पण तपासणीवाल्यांचा गणवेश दिसला की ती गल्ली बदलायची. मनावरच्या ओझ्यानं बाजूच्या सीटवरची पाण्याची बाटलीही तिला जड वाटावी, असे ते दिवस होते.

आमचे एक नेहमीचे प्रवासी होते मंग गुरुजी. संगीत नाटकात उभा जन्म गेलेला, आता गुडघे गेलेले. ते शिकवणीला माझ्यातूनच जायचे आणि मागच्या सीटवर गळा साफ करायचे. एका सकाळी रेल्वे स्टेशनासमोर तपासणीवाल्यांनी आम्हाला अडवलं. त्यांच्यातला एक तरुण खिडकीशी वाकला.

"आजोबा, ही गाडी फोनवरून बोलावलीत का?"

"छे! ही माझी भाची!" गुरुजी रंगमंचावरच्या आवाजात गरजले. आसपासचे हमाल वळून बघू लागले. "माझ्या धाकट्या बहिणीची लेक! मांडीवर खेळवलंय हिला!"

"असं? काय नाव भाचीचं?"

गुरुजींनी काठी सावरली. "नाव... आम्ही लाडानं हिला बटाटा म्हणतो."

तरुण ओठ चावत हसू दाबत होता. यूलानला मात्र हसू आवरलं नाही. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं चावी काढली.

"गुरुजी, पुरे. माझ्यासाठी या वयात खोटं नका बोलू. साहेब, हे माझे प्रवासी. माझा परवाना आहे, गाडीचा नाही. लपून लपून मीच दमलेय. घ्या."

गाडी जप्त होणार, कमाई थांबणार, हे तिला ठाऊक होतं. तरी तिचे खांदे कितीतरी दिवसांनी सैल झालेले मी पाहिले. मला त्या क्षणी तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता.

जप्त गाड्यांच्या मैदानात मी धूळ खात उभी राहिले. चाकांभोवती गवत उगवलं. एक दिवस फाटकाशी ओळखीचा आवाज आला.

"आमची लाल कुठंय? तिला पुसायचंय."

"आजी, इथं आत सोडत नाहीत."

"मी काय ती रुमालात बांधून नेणार आहे?"

पहारेकरी हरला. सासूबाईंनी गळ्यातला रुमाल सोडला आणि माझी एकेक काच पुसली. "हिच्या जिवावर माझी शेगडी पेटते," असं त्या त्याला सांगत होत्या. या बाईनं कुणाचे उघड आभार मानलेले मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दंड भरून यूलाननं मला सोडवलं. मग तिनं परवाना असलेली लांब पांढरी गाडी भाड्यानं घेतली. मला विकायचं ठरलं. गिऱ्हाईक येऊन माझ्या उणिवा काढत असतानाच मंग गुरुजी काठी टेकत आले.

"पोरी, आमच्या नाटक कंपनीला दे ही. गावोगाव खेळ करतो, मुकुट ट्रॅक्टरमध्ये चेपतात."

"द्या त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "पण माझ्या सुनेला बटाटा म्हणालात, त्याचा दंड पडेल. प्रत्येक खेळाला आम्हा दोघींना पहिली रांग."

गुरुजींनी हात जोडले.

पुढं एकदा वरून हुकूम निघाला. चौकशी होईपर्यंत, फोनवर ॲप मिळतात त्या बाजारातून शुनलूचं नाव उतरलं. ज्यांच्याकडं आधीपासून होतं त्यांचं चालू राहिलं, नव्या माणसाला मात्र ते मिळेना. यूलान खेळ बघायला आली की माझ्या बॉनेटला टेकून सूर्यफुलाच्या बिया सोलायची आणि म्हणायची, "नवा माणूस येतच नाही गं. पण जुने सोडून गेले नाहीत." ती कंपनीवर रागावली नव्हती, सरकारवरही नाही. "बेफाम पळालं की कुणीतरी लगाम ओढणारच. आपण पडलो नाही, एवढं पुरे." बऱ्याच दिवसांनी ते नाव परत आलं. तिची पांढरी गाडी अजून धावते.

आणि मी? माझा रंग विटलाय, एक दार कुरकुरतं. माझ्या पोटात रेशमी झगे, खोट्या दाढ्या, लाकडी तलवारी असतात. गावात कपडे बदलायला खोली नसली की गुरुजी माझ्याच मागच्या सीटवर बसून, माझ्या आरशात बघून तोंड रंगवतात. माझ्यात एक म्हातारा चढतो आणि सेनापती उतरतो. लांब गाड्यांनासुद्धा हे भाग्य लाभत नाही. ज्या बाहीनं मला पुसलं, ज्या हातांनी चालवलं, ज्यानं फीत लावली, त्या सगळ्यांचे मी आभार मानते. तुम्हाला एकच सांगणं: तुम्हाला पोचवणारं जे कुणी असेल, माणूस किंवा यंत्र, त्याला उतरताना एक शब्द बोला.

आता मला थांबायला हवं. बाहेर ढोल सुरू झालाय, गुरुजींचा एक डोळा रंगवायचा राहिलाय, मी थरथरले तर त्यांचा हात चुकेल. तुम्ही पुढं व्हा आणि जागा धरा. फक्त पहिल्या रांगेतल्या मधल्या दोन खुर्च्या सोडा.