ट्रायँगलचा दुसरा दोरा

मित्रांनो, भूमितीच्या तासाला तुम्हाला छळतो तो त्रिकोण माझा चुलतभाऊ. मी वाद्यवृंदातला जुना ट्रायँगल. एका लोहाराने पोलादी सळई दोन ठिकाणी वाकवली आणि तिसरा कोपरा उघडाच ठेवला. तो कंटाळला म्हणून नव्हे. त्या फटीमुळेच मी घुमतो. तेव्हापासून मी दोऱ्याला टांगलेला आहे. दोरे दोन असतात. एक लटकायला आणि दुसरा, पहिला तुटला तर सावरायला.

त्या कार्यक्रमाच्या संध्याकाळी दुसरा नव्हता. तो तालमीत तुटला. मला वाजवणाऱ्या बाई "बांधते उद्या" म्हणाल्या आणि विसरल्या. त्यांचे तरी काय चुकले? त्याच तालमीत वाद्यवृंदाचे संचालक त्यांना म्हणाले होते, "कार्यक्रमात चुकलात तर मला दुसरं माणूस बघावं लागेल." त्यात बाईंचे दीर प्रथमच ऐकायला येणार होते. दीर घरी म्हणत, "वहिनी, दोन तास बसायचं आणि एकदा टिंग करायचं. आमच्याकडे हे काम दारावरची घंटा करते."

पूर्वार्ध पाश्चात्त्य संगीताच्या अभिजात काळातल्या रचनांचा होता. त्या काळच्या नेटक्या संगीतकारांना माझी गरज नव्हती. मी नुसता लटकून उरलेल्या दोऱ्याकडे बघत होतो. त्याचा एक पीळ सुटला होता. हे सांगायला मला तोंड नाही.

उत्तरार्ध त्यानंतरच्या रोमँटिक काळाचा. म्हणजे आधी वादळ, मग विरह, मग चांदणे. वादळात शेजारचे ढोल गरजले आणि दुसरा पीळ सुटला. विरहात मी श्वास रोखून धरला. चांदण्यात सगळा वाद्यवृंद थांबला. आता फक्त मी. बाईंनी उजव्या हातातली दांडी उचलली.

टिंग झाले आणि दोरा तुटला.

खाली लाकडी मंच होता. बाईंनी डाव्या हाताने मला हवेतच मुठीत धरले. सूर जागच्या जागी थांबला. सभागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही.

"काय संयम," संचालक नंतर म्हणाले. "सूर कुठे थांबवायचा ते आज तुम्हाला कळलं. यापुढे असाच."

बाई घाम पुसत "हो" म्हणाल्या. दीर मागेच उभे होते. ते हळूच म्हणाले, "वहिनी, झेल सुरेख घेतलात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या मासेमारीच्या दोऱ्याचे रीळ आणून दिले. घंटेचे नाव काढले नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात जे काही टांगलेले असेल, त्याचा दोरा अधूनमधून बघत जा. त्या बिचाऱ्याला सांगता येत नाही. मला आता दोन दोरे आहेत, दोन्ही मजबूत. तिसरा बांधायला हरकत नव्हती.