दोन ओळी आखूड

सुगंधाबाईंनी पिशवीतून नारळ काढला आणि काचेच्या टेबलावर ठेवला. सोललेला, पण शेंडी राखलेला. तो गडगडत कडेकडे निघाला तेव्हा समोर बसलेल्या दिशाने घाईघाईने चहाचा कप त्याच्या आड लावला. मरोळच्या या दोऱ्याच्या कंपनीत आजवर पुष्कळ बायका नमुने घेऊन आल्या होत्या, पण नारळ घेऊन कोणी आलं नव्हतं.

"हे बाळाचं डोकं," सुगंधाबाई म्हणाल्या. "आता बघ."

कंपनी क्रोशाच्या नमुन्यांचं पुस्तक काढत होती. टोपडी, मोजे, दुपटी, तोरणं, टेबलावरचे रुमाल असे चाळीस नमुने, आणि प्रत्येकाखाली तो बसवणारीचं नाव. सुगंधाबाईंचं टोपडं त्यात निवडलं गेलं होतं. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीत ही बातमी पोचली नाही असं एकही घर राहिलं नव्हतं. त्यांनी राहू दिलं नव्हतं. आणि परवा दिशाचा फोन आला. टोपड्याच्या माथ्यावर भोक राहतंय, काहीतरी चूक झालेली दिसते, माथा बंद करून द्या, नाहीतर हा नमुना बाजूला ठेवावा लागेल.

चूक हा शब्द सुगंधाबाई चाळीस वर्षं फक्त दुसऱ्यांच्या विणकामाबद्दल वापरत आल्या होत्या. शेजारणीचा रुमाल कौतुकाने हातात घ्यायचा आणि बोलता बोलता चार ओळी उसवून परत द्यायचा, अशी त्यांची ख्याती होती. सून मृणालिनी म्हणाली, आई, एवढंसं भोक, बुजवून टाका ना. त्यावर त्यांनी पिशवी भरायला घेतली होती.

आता त्यांनी आपलं पांढरं टोपडं नारळावर चढवलं. माथ्यावरच्या भोकातून शेंडी बाहेर आली तशी दिशा हसली. सुगंधाबाई हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, की तान्ह्या बाळाची टाळू सकाळ-संध्याकाळ तेलाने भरायची असते. दर वेळी टोपडं काढलं की बाळ घर डोक्यावर घेतं. इथून बोट घातलं की तेल बरोबर टाळूवर. टोपडं काढायला नको, बंद सोडायला नको.

दिशाच्या घरी आठ महिन्यांची मुलगी होती. तिने भोकातून आपली तर्जनी आत घालून पाहिली, मग पुन्हा एकदा पाहिली.

"माझी आई रोज तेल घालताना हैराण होते," ती म्हणाली. "भोक राहील, काकू. आणि कशासाठी ते खाली लिहूया."

सुगंधाबाईंना इतकं बरं वाटलं, की त्यांनी पदर सारखा केला आणि तो सारखाच असल्यामुळे पुन्हा एकदा केला. या भोकाचा त्यांना अभिमान होता, आणि त्या अभिमानाला एक माणूस साक्षीदार होतं. मुलाच्या, देवदत्तच्या बारशाला त्यांनी पहिलं टोपडं केलं तेव्हा त्या बाविशीच्या होत्या. माप घ्यायला नारळ धरला होता. शेंडी जावी म्हणून सुरुवातीची साखळी सैल ठेवली, आणि शेवटी दोरा ओढून माथा बंद करायचा तो घाईत राहूनच गेला. भरल्या घरात, पाळण्यापाशी, दोन्ही जावांसमोर टोपडं बाळाच्या डोक्यावर चढलं आणि मधोमध हे भोक. मोठ्या जावेने तोंडाला पदर लावला. तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. आयुष्यात कुणाचं कौतुक न केलेली बाई. त्यांनी भोकात अंगठा घालून पाहिलं, आतून कसलासा धागा चिमटीत धरून काढला आणि कनवटीला खोचला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "टाळूक तेल घालूक ठेयलंस मा गो? शाणी आसस."

त्या एका शब्दावर सुगंधाबाई चाळीस वर्षं ताठ चालत आल्या होत्या. भोक चुकून राहिलं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पुढे पुढे तर त्यांनाही तसं वाटेनासं झालं. सासूबाई फसल्या आणि आपण शहाण्या ठरलो, एवढंच लक्षात राहिलं.

"आता जुळवून बघू," दिशा म्हणाली.

कंपनीचा एक नियम होता. नमुना बसवणारीला कधी न पाहिलेल्या बाईने तो नुसता वाचून करायचा, आणि दोन्ही वस्तू जुळल्या तरच तो पुस्तकात घ्यायचा. ती बाई, माणिक, मघापासून टेबलाच्या टोकाला बसून होती. पस्तिशीची असेल. मानखुर्दहून आली होती, तीन पोरांची आई होती, घरी शिवणकाम करायची, आणि कंपनीने तपासायला दिलेला हा तिचा पहिलाच नमुना होता. तिने पिशवीतून आपलं टोपडं काढून दिलं. सुगंधाबाईंनी स्वतःचं उतरवून माणिकचं नारळावर चढवलं, आणि त्यांच्या नजरेने ते लगेच टिपलं. डाव्या कानावरची पट्टी नऊ ओळींची होती. उजवी सातच.

दिशाला ते क्षणभराने दिसलं. तिने दोन्ही पट्ट्यांवर मोजपट्टी धरली, ओळी मोजल्या आणि कागद पुढे ओढला.

"हे जुळत नाहीये. नमुन्यात काही राहिलंय का, की तुमच्याकडून झालंय, माणिक?"

 माणिकने हात टेबलाखाली घेतले. सुगंधाबाईंना कागद बघायची गरजच नव्हती. त्यांनी तो मृणालिनीला शब्दन् शब्द सांगून लिहवून घेतला होता, तीनदा वाचून घेतला होता. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ ओळी, स्पष्ट. नमुना खरा आणि बाई चुकलेली. बोट ठेवून दाखवायचं, की झालं. त्यांचं बोट तर अशा कामात कधी मागे राहिलं नव्हतं.

त्यांनी टोपडं नारळावरून उतरवलं. माथ्याच्या भोकाला शेंडीचा एक तपकिरी तंतू अडकला होता. दर टोपड्याला अडकतो तसाच. सवयीने त्यांनी तो चिमटीत धरून ओढून काढला, आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

कनवटीला खोचलेला तो धागा तपकिरी होता.

सासूबाईंना तेव्हाच कळलं होतं. नारळ कळला होता, शेंडी कळली होती, राहून गेलेली गाठ कळली होती. सगळं कळून, पुरावा कमरेला खोचून, त्या जावांकडे वळून ते बोलल्या होत्या. आणि नंतर मरेपर्यंत त्याबद्दल एक अक्षर नाही.  आपली सासू केवढी होती, याचा अभिमान सुगंधाबाईंना आज, मरोळच्या या थंडगार खोलीत, पहिल्यांदा वाटला.

त्यांनी तो तंतू रुमालात गुंडाळून ठेवला.

"बरोबर केलंय तिने," त्या म्हणाल्या. "उजवी बाजू दोन ओळी आखूडच हवी."

दिशाने वर पाहिलं.

"बाळाला पाजताना आई डाव्या हातावर घेते. मग उजवा कान तिच्या दंडावर दबतो. तिथे लांब पट्टी आली की घाम येतो, वळ उठतात. पोरांची आई आहे ना ही, तिच्या हाताला कळलं."

"पण कागदावर दोन्हीकडे नऊच आहेत, काकू."

ते वाक्य जिभेवर यायला थोडा वेळ लागला. सवय नव्हती.

"माझी चूक," सुगंधाबाई म्हणाल्या. "लिहायचं राहिलं. माझ्या टोपड्यातही तेच झालं, दुसरं करून देते."

दिशाने नऊ खोडून सात केले, बाजूला उजवा कान असं लिहिलं आणि कागदावर सही केली. नमुना पुस्तकात जाणार होता. माणिकला पुढचा नमुनाही तपासायला मिळाला, कुठलंसं तोरण होतं.

जिन्यात माणिक दोन पायऱ्या मागे राहिली. खालच्या वळणावर तिने हाक मारली.

"काकू, माझी मधली मुलगी तापाने फणफणली होती हो. मी ओळी मोजताना..."

"तोरणाच्या ओळी नीट मोज," सुगंधाबाई म्हणाल्या आणि पिशवीत हात घातला. "आणि हा ठेव. फोडू नकोस, आणि शेंडी काढू नकोस. माप याच्यावरच येतं."

माणिकने नारळ दोन्ही हातांनी घेतला.

दुपारी मुलुंडला पोचल्यावर त्यांनी नवं टोपडं सुरू केलं. संध्याकाळी मृणालिनी चहा घेऊन आली, पुस्तकाचं काय झालं ते तिने ऐकून घेतलं, आणि कौतुकाने टोपडं हातात धरून म्हणाली, आई, उजवी पट्टी आखूड झालीये का?

"तशीच असते," सुगंधाबाई म्हणाल्या आणि सातव्या ओळीवर दोरा कापला.