औशाच्या शिकवणीतल्या माईकची कैफियत

मित्रांनो, मी माईक आहे. जुना, तारेचा. माझ्या जाळीला एका बाजूने पोचा पडला आहे आणि मानेला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. सध्या मी औशात, शेषेराव सरांच्या इंग्रजीच्या शिकवणीत, टेबलाच्या खालच्या खणात वाळलेल्या मार्कर पेनांच्या शेजारी पडून असतो. माझी गोष्ट गोड नाही. गोड ऐकायचं असेल तर दारावरच्या फ्लेक्सकडे जा, त्यावरचे सगळे चेहरे बारा महिने हसत असतात.

माझा जन्म दिल्लीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला म्हणे. मला आठवतं ते लातूरच्या दुकानातलं काचेचं कपाट आणि मला तिथून घरी नेणारे खाजामियाँ. उदगीरला त्यांचा लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. त्यांच्याबरोबर मी लग्नं पाहिली, उरूस पाहिला, महादेवाची जत्रा पाहिली, पुढाऱ्यांच्या सभा पाहिल्या. कुणी माझ्यावर फू फू करू लागला की खाजामियाँ स्टेजखालून ओरडायचे, "ओ साहेब, माईक हाय तो, चूल न्हाई!" कार्यक्रम संपला की ते मला मऊ फडक्याने पुसून डब्यात ठेवायचे. मियाँचा आवाज म्हणजे खणखणीत, असं गावोगावचे लोक म्हणायचे आणि मला अभिमान वाटायचा.

मग डीजे आला. छाती हादरवणाऱ्या त्या भिंतींपुढे आम्हाला कोण विचारतो? खाजामियाँनी मला आणि दोन स्पीकरना शेषेराव सरांच्या हवाली केलं. "सांभाळा सर, लई इमानी हाय," एवढंच बोलून ते वळले. मी इमानी खरा. माझ्यात जे बोलाल ते मी जसंच्या तसं मोठं करतो. खरं बोललात तर खरं, थाप मारलीत तर थाप. त्यातलं निवडण्याची सोय माझ्यात नाही, याचं पुढे मला फार वाईट वाटलं.

सुरुवातीला शिकवणी चांगली होती, हे मी नाकारणार नाही. एक स्पीकर फळ्याजवळ आणि दुसरा शेवटच्या बाकाच्या वर टांगलेला. सर मला हातात धरून शिकवायचे आणि शेवटी बसलेल्या पोरालाही पहिल्याइतकंच ऐकू जायचं. पुढे पोरं वाढली, तसं सरांनी बाकांना नंबर लावले. दर आठवड्याला परीक्षा. ज्याचे गुण जास्त तो पुढे, ज्याचे कमी तो मागे. त्यातच फळ्याजवळचा स्पीकर जळाला, तो कुणी बदलला नाही. मागचा स्पीकर सरांनी काढून फाटकावर बसवला, तोंड रस्त्याकडे करून. शिकवणी चालू आहे हे गावाला कळायला नको का? तेव्हापासून शेवटच्या बाकावरच्या पोरांना पंख्यांच्या घरघरीत सरांचे नुसते ओठ हलताना दिसतात आणि समोरच्या रसवंतीवाल्याला मात्र इंग्रजीचे सगळे काळ पाठ झाले आहेत.

त्या शेवटच्या बाकावर अक्षरा बसायची. नववीतली, बारीक आवाजाची. तिची आई उमाबाई मिरची कांडपाचा डंक चालवते. अक्षराला ऐकू येत नव्हतं म्हणून गुण कमी, आणि गुण कमी म्हणून ती मागेच. हे चक्र सरांना कधी दिसलं नाही. तिला एकच ध्यास होता, पुढच्या बाकाचा. शिकवणी सुटल्यावर वर्ग झाडता झाडता ती मला खणातून काढायची, बटण न दाबता ओठांपुढे धरायची आणि फळ्यावरची त्या दिवशीची वाक्यं म्हणायची. शेवटी ओढणीने पुसून परत ठेवायची. खाजामियाँनंतर मला पुसणारी ती एकटीच.

आमच्याकडे दर वर्षी पालकांचा मेळावा होतो. त्यात निवडक मुलांना एकेक इंग्रजी शब्द देतात आणि त्या शब्दाची तीन वाक्यं त्यांनी माईकवर म्हणायची असतात. पालकांनी टाळ्या वाजवायच्या असतात. यंदा सरांनी जाहीर केलं, "जो चांगलं बोलेल, त्याला वर्षभर पहिला बाक. परीक्षा न्हाई, काही न्हाई." रविकिरण नावाच्या हुशार मुलाला 'डिफिकल्ट' हा शब्द आला होता. मेळाव्याच्या आदल्या दिवशी त्याला ताप भरला. सरांनी वर्गावर नजर फिरवली. सगळ्यांत आधी हात अक्षराचा होता.

"जमंल का गं?"

"हाव सर."

सरांनी तिला पुढे बोलावून समजावलं. इथे मला त्यांचं कौतुकच वाटलं, कारण शिकवावं तर त्यांनीच. "हे बघ, डिफिकल्ट म्हणजे अवघड. पण माणसाला अवघड म्हणायचं न्हाई, कामाला म्हणायचं. 'आय ॲम डिफिकल्ट' म्हणलीस की तूच अवघड झालीस!" पोरं हसली. "'इट इज डिफिकल्ट', मग 'टू', मग ते काम. काय?" त्यांनी तिला तीन वाक्यं दिली. इंग्रजी डिफिकल्ट नाही, गणित डिफिकल्ट नाही, आमच्या शिकवणीत काहीच डिफिकल्ट नाही, अशा अर्थाची. आणि मग दर वर्षीचं वाक्य सवयीने जोडलं, "एखादं स्वतःचं केलंस तर लईच चांगलं."

हे वाक्य सर इतक्या वर्षांत प्रत्येक पोराला म्हणाले होते. ते नुसतं म्हणायचं असतं, हे प्रत्येक पोराला ठाऊक होतं. शेवटच्या बाकावरून बहुधा तेवढं कळत नसावं. अक्षराने ते खरं मानलं.

दुसऱ्या दिवशी फाटकासमोर मंडप उभा राहिला. पाहुणे मोबाईलमध्ये बघत होते. उमाबाई डंक बंद ठेवून आली होती, पदराला अजून मिरचीचा वास होता. मल्लेश नावाच्या मुलाने 'ब्यूटिफुल'ची तीन वाक्यं घडाघडा म्हटली. मग मी अक्षराच्या हातात आलो. तिने सवयीने मला ओढणीने पुसलं. तिने पहिलं वाक्य म्हटलं, दुसरं म्हटलं. तिसऱ्याला थांबली, एक श्वास घेतला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

"इट इज डिफिकल्ट टू हिअर सर फ्रॉम द लास्ट बेंच."

शेवटच्या बाकावरून सरांचं ऐकू येणं अवघड जातं. एवढंच. एकही शब्द चुकला नव्हता. सरांनी सांगितलं तसंच, माणसाला नाही, कामाला अवघड म्हटलं होतं. मी ते अख्ख्या रस्त्याला ऐकवलं. इतक्या वर्षांच्या भाषणांत आणि आभारप्रदर्शनांत माझ्यातून गेलेलं सगळ्यांत नेटकं आणि सगळ्यांत खरं वाक्य ते होतं. मला आनंद झाला, मित्रांनो. आज त्या आनंदाची मला चीड येते.

कारण मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. पालकांना इंग्रजी कळत नव्हतं, पोरगी न अडखळता बोलली एवढंच त्यांना दिसलं. उमाबाई तर उभी राहून टाळ्या वाजवत होती. पुढच्या बाकावरची मंजुश्री तेवढी तोंडावर हात ठेवून हसली. आणि सरांना कळलं. अक्षरा त्यांच्याकडे बघत होती, शाबासकीच्या आशेने. सरांनी हसत हसत मला तिच्या हातातून काढून घेतलं, "व्हेरी गुड" म्हणाले आणि पुढच्या मुलाला बोलावलं. पहिला बाक मल्लेशला मिळाला.

मंडप उतरताना सरांनी उमाबाईला बाजूला घेतलं. मी त्यांच्याच हातात होतो.

"उमाबाई, रागावू नका. पोरगी गुणी हाय, पण इंग्रजी तिला झेपून न्हाई राहिली. उद्यापासून पाचवीच्या पोरांत बसू द्या. मागच्या पत्र्याच्या खोलीत."

"पण टाळ्या तर लई पडल्या, सर."

"टाळ्या पडतेतच हो. तिला वाक्य पाठ होईना, भलतंच बोलून गेली."

उमाबाईचा चेहरा उतरला. "तुमी म्हणताल तसं," ती म्हणाली. "तुमाला त्यातलं कळतंय."

मी ओरडलो असतो. पण माझं बटण बंद होतं, आणि बंद माईकची साक्ष कोण घेतो? चालू असतो तरी माझा आवाज मला कधी नव्हताच.

जाता जाता उमाबाईने लेकीला विचारलं, "काय बोललीस गं तू येवढं? सर म्हणतेत चुकलीस."

अक्षरा खाली बघत म्हणाली, "काही न्हाई गं आई. चुकलेच."

आता ती पत्र्याच्या खोलीत पाचवीच्या पोरांबरोबर पुन्हा एबीसीडी गिरवते. सरांनी कॉलरला लावायचा नवा, बिनतारी माईक आणला आहे. तोही फाटकावरच्या स्पीकरलाच जोडला आहे.

मित्रांनो, मला खणातून बाहेर काढा, पुसून ठेवा, दुरुस्त करा, असं मी म्हणणार नाही. माझं व्हायचं ते होईल. तुम्ही उद्या कुठल्या तरी मंडपात बसाल आणि एखादी पोरगी तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत काही बोलेल. तेव्हा टाळ्या वाजवायची घाई करू नका. आधी तिलाच विचारा, बाई, तू काय म्हणालीस? आणि ती सांगेपर्यंत दुसऱ्या कुणाला विचारू नका.