अमितची मूठ

“निंबा,” धाकटे दीर हिलालनानांनी नाव घेतलं आणि धुरपदाबाईंनी ढिगातून सव्वा मूठ गहू उचलून परातीत टाकला.

“प्रेमराज.” पुन्हा सव्वा मूठ. “हितेंद्र.” पुन्हा.

उद्या कानबाईचे, कुळाच्या देवीचे, रोट. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने गहू मोजायचा, तोच दळायचा आणि त्याचे रोट फक्त कुळातल्यांनी खायचे. मोजायचा मान थोरल्या सुनेचा; जिने हात घातला तिनेच मोजणी संपवायची, ही या घराची रीत. धुरपदाबाईंचा नवरा, पुना, वारला त्या वर्षी त्याच्या नावाची मूठ थांबली. तेव्हापासून त्या साऱ्या भाऊबंदांची परात भरत आल्या, पण त्यांच्या स्वतःच्या चुलीच्या नावाने त्यात दाणा पडला नाही.

मुलगा होता की! मेलेल्या बहिणीचं बारसंही न झालेलं पोर त्यांनी पदरात घेतलं, शाळेतल्या बाईंना विचारून हौसेने अमित नाव ठेवलं. आता त्याचं दोंडाईच्याला विजेच्या सामानाचं दुकान होतं. दरवर्षी कानबाईच्या मांडवाला रोषणाई तोच करायचा आणि पंगत बसायच्या आत सोनगीरला मित्राकडे जेवायला निघून जायचा.

“झायं,” नाना म्हणाले. “परात उचला.”

धुरपदाबाईंचा हात ढिगातच राहिला. “एक नाव ऱ्हायनं.”

“कोनं?”

“अमितनं.”

दारात शिडीवर चढून दिव्यांची माळ बांधणारा अमित थांबला. “माय, ऱ्हाऊ दे,” तो हळूच म्हणाला.

“तू माळ बांध.”

नाना चिडले नाहीत. ते समजूत घालायला बसले आणि तेच जास्त लागलं. “वहिनी, पोऱ्या गुनी शे. पन आपला कुळना नही. नावबी आपलं नही. भूमिकानी मोबाइलमा दखाडं, जुनी इंग्रजीमा अमित म्हंजे गमाडनं.”

नानांची नात भूमिका कानकोंडी झाली. गंमत म्हणून दाखवलेलं असं कामाला येईल, हे तिला काय ठाऊक. “आबा, ‘गमावणं’ या अर्थाचा तो शब्द आता कोणी वापरत नाही,” ती म्हणाली.

“देखा,” धुरपदाबाई म्हणाल्या. “इंग्रज इसरी गयात. आते तुम्हीबी इसरा.”

बायकांत खसखस पिकली. नानांनी ठेवणीतलं काढलं, “आनि कानबाई कोपनी तं?”

“तिले मी दखसू. पन मूठ पडाशिवाय मन्हा हात निंघाव नही.”

गिरणीवाल्याचा फोन येऊन गेला. कुणी परातीला हात लावेना. धुरपदाबाई तोंडाने खंबीर होत्या, आतून मात्र घाबरल्या होत्या. आज हे नाव निघालं नाही, तर आपल्यामागे ते घेणारं कुणी उरणार नाही, एवढंच त्यांना दिसत होतं.

तेवढ्यात नानांची बायको प्रमिलाबाई पदर खोचून पुढे आली. नवऱ्यापुढे तिने कधी ब्र काढला नव्हता, आताही काढला नाही. ती जावेशेजारी बसली आणि तिने आपला हात ढिगात घातला. मग तिची सून बसली. मग दुसरी. बघता बघता घरातल्या साऱ्या बायका गव्हात हात रोवून बसल्या, आणि नाना एकटे उभे राहिले.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“अमित,” ते म्हणाले. मग घसा खाकरून मोठ्याने, “अमित पुना.”

धुरपदाबाईंनी अशी मूठ भरली की दाणे बोटांतून ओघळले.

“वहिनी, सव्वा मूठनी रीत शे.”

“मन्ही मूठ एवढीच शे, नाना.”

दुसऱ्या दिवशी अमित पंगतीत बसला. रोट, खीर, गंगाफळाची भाजी, सगळं मान खाली घालून जेवला आणि सवयीने उठून बाहेरच्या नळाकडे निघाला. रोट खाल्लेल्या हाताचं पाणीही घराबाहेर जाऊ देत नाहीत. त्यासाठी अंगणात खड्डा खणलेला असतो.

“कोठे चालना?” धुरपदाबाईंनी हाक मारली. “हात आठेच धुवाना.”

त्या तांब्या घेऊन खड्ड्याशी उभ्या होत्या. अमित परत आला, वाकला, त्याने हात पुढे केले. हात धुऊन झाले तरी त्या तांब्या रिता होईपर्यंत पाणी घालत राहिल्या.