क्रमांक बासष्ट

प्रेमाने माउसवरचं बोट उचललं आणि हात पदराखाली घेतला.

"मॅडम, बॅकअपचा एवढा एक व्हॉल्यूम पुसला की झालं काम," तिच्या हाताखालचा केतन स्क्रीनकडे बघत म्हणाला. "याची मूळ मुदत नऊ वर्षांपूर्वीच संपलीय. पण कोणीतरी दर वर्षी ती पुढे ढकलतंय. बरोब्बर दसऱ्याच्या सुमाराला."

कोणीतरी म्हणजे कोण, ते त्याने विचारलं नाही. मुलुंडच्या या धर्मादाय रुग्णालयाचा बॅकअप बावीस वर्षं प्रेमाच सांभाळत होती. रोज रात्री सगळ्या विभागांची माहिती नेटवर्कवरून इथल्या डिस्कांवर येई, नाव लावलेल्या एकेका व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कप्प्यात, भरली जाई; मुदत सरली की तो पुसून पुन्हा वापरायचा. खंडेनवमीला ती डिस्कच्या पेटीला हळदकुंकू लावी, झेंडूचं फूल वाही आणि या एका व्हॉल्यूमला वर्षाची मुदत वाढवून देई.

"आहे काय त्यात?"

"जुनं टोकनचं मशीन. चंपाताईंचा आवाज."

चंपाताई इथल्या टेलिफोन ऑपरेटर. प्रेमा नवी होती तेव्हा एका दुपारी पंखा बंद करून त्यांनी एक ते शंभर आकडे रेकॉर्ड केले. प्रत्येक आकड्यामागे 'सावकाश या' त्यांनी स्वतःच्या मनाने जोडलं. प्रेमा शेजारी पाण्याचा तांब्या धरून बसलेली. बासष्टला त्यांचा घसा असा काही चिरकला, की तिला हसू आवरेना. "हसतस कित्याक गो?" चंपाताई मालवणीत करवादल्या, आणि तेही रेकॉर्ड झालं. पुढे अकरा वर्षं टोकन बासष्टवर आलं की ओपीडीतली सगळी बाकडी खुदखुदायची.

मग नवं मशीन आलं. तीन वर्षांपूर्वी चंपाताई गेल्या.

"आवाज तेवढा काढून देऊ?"

"नाही निघत रे. अख्ख्या मशीनचा एकच गोळा आहे, आणि तो उघडणारं सॉफ्टवेअर केव्हाच भंगारात गेलं."

"म्हणजे इतक्या वर्षांत तुम्हीपण ऐकला नाहीत?"

"आहे ना तो. तेवढं पुरतं मला."

केतनने मान खाजवली. "पण मॅडम, काल जागा नव्हती म्हणून बॅकअप झाला नाही. आजपण नाही झाला आणि काही बंद पडलं, तर लॅबच्या रिपोर्टांची वाट लागेल."

तेवढ्यात फोन वाजला. खालून गुणाजी वॉर्डबॉय ओरडत होता, टोकनचं मशीन मुकं झालंय आणि लोक त्याला खायला उठलेत.

"बॅकअपचं कालचं अडकलेलं काम अजून जागेची वाट बघतंय, त्यापायी टोकनचं मशीनही गोठलंय," केतन म्हणाला. "रीस्टार्ट करतो. दहा मिनिटं खाली कोणीतरी आकडे पुकारायला हवेत."

प्रेमाच गेली.

डायबेटिसची ओपीडी, बाकडी खचाखच भरलेली. तिने हळू आवाजात अठ्ठावन्न पुकारला.

"ओ बाई, देवाशी बोलताय का? मागे ऐकू येत नाही!"

तिने खाकरून घसा साफ केला. "क्रमांक एकोणसाठ. सावकाश या."

पुढचे दोन शब्द तिने ठरवले नव्हते. साठ झाला, एकसष्ट झाला. प्रत्येक वेळी शेवटचा 'या' चंपाताईंसारखाच लांबत गेला. दारातल्या गुणाजीने वळून पाहिलं.

पुढच्या आकड्याला ती जरा थांबली.

"क्रमांक बासष्ट."

कोणी उठेना. मग शेवटच्या बाकावरून, वर्षानुवर्षं दर महिन्याला विक्रोळीहून येणारी एक म्हातारी काठी टेकत उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली,

"हसतस कित्याक गो?"

मागचं एक बाकडं हसलं. मग त्याच्या पुढचं. नवे लोक एकमेकांकडे बघत राहिले. प्रेमाने पदराचं टोक तोंडावर धरलं, पण खांदे हलायचे थांबेनात.

ती वर आली तेव्हा खालचं हसू अजून जिन्यातून ऐकू येत होतं. केतन कीबोर्डवर हात ठेवून बसला होता.

"मॅडम?"

पेटीवरचा गेल्या दसऱ्याचा कुंकवाचा ठिपका पुसट झाला होता. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"घे ती जागा," ती म्हणाली. केतन एसीचा गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दार लोटायला उठला, तशी पुढे म्हणाली, "दार मात्र राहू दे जरा उघडं."