शिवणवाल्या आजींच्या कपाळावरचा पट्टा

मित्रांनो, मी कपाळाला बांधायचा एक जुना पट्टा आहे आणि आज मला भयंकर राग आलेला आहे.

माझ्या आत दोन स्पंज आणि दोन तारा आहेत. स्पंज मिठाच्या पाण्यात भिजवून मला बांधलं, की मेंदूला अगदी सौम्य वीज मिळते. त्याने म्हाताऱ्या माणसांची खा-खा कमी होऊन रक्तातली साखर उतरते का, हे डॉक्टर तपासत होते. निम्म्या लोकांना खरी वीज मिळायची. निम्म्यांना अर्धं मिनिट चुणचुण, मग बंद. कोणाला काय, ते शेवटपर्यंत सांगायचे नाहीत.

त्यासाठी शिवणवाल्या आजी आठवड्यातून तीनदा दवाखान्यात पायी यायच्या, वर दोन जिने चढायच्या. नर्सताई स्पंज भिजवता भिजवता विचारायची, "आज काय खाल्लंत? खरं सांगा हं!" आजी लाजत वही दाखवायच्या. तीन महिन्यांत साखर उतरली. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवला जाऊ लागला. सगळ्यांनी माझी तोंड भरून स्तुती केली. खरं काय ते मला ठाऊक होतं, तरी मी फुगलो.

मग दवाखान्याने जुनी यंत्रं विकायला काढली आणि आजींच्या मुलाने मला घरी आणलं. "आई, आता वणवण बंद. यंत्र आहे ना घरात!" झालं! आजींना खुर्चीत बसवायचं, मला बांधायचं आणि स्वतः फोनमध्ये डोकं खुपसायचं. स्पंज भिजवायचंही भान नाही. आजींच्या कपाळावर लाल चट्टे उठले. साखर चढली, नजर अंधुक झाली, शिवणयंत्रावर झाकण पडलं. आणि बोल कोणाला? मला! "बिघडलंय बहुतेक," म्हणे.

डॉक्टरांचं पत्र आलं होतं. ते त्याने न फोडताच माझ्या डब्यात कोंबलं. मी महिनाभर त्याच्यावरच पडून होतो आणि मला तोंड नव्हतं.

आज सकाळी ते आजींच्या हाती लागलं. त्यांनी भिंग धरून दोनदा वाचलं. दवाखान्यात त्यांना खरी वीज एकदाही मिळाली नव्हती. साखर उतरवली होती त्यांच्या चालण्याने, वहीने आणि नर्सताईच्या चौकशीने.

आजींनी मला टेबलावर आपटलं. लागलं, पण बरं वाटलं. त्यांनी चपला घातल्या.

"अगं, कुठे निघालीस? यंत्र लावायचंय!" मुलगा मला उचलत म्हणाला.

"ते तूच लाव. मी चालायला निघाले."

मित्रांनो, मला खुशाल धूळ खात ठेवा. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाची काळजी माझ्यावर ढकलू नका. आजी जिना उतरताहेत, कठडा चाचपत. मुलगा मला हातात धरून दारात उभा आहे.

अरे, टाक मला खाली आणि जा तिच्याबरोबर!